गिरणीपासूनची हाक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. सातपाटीची मासळीवाली जमना तिथपर्यंत आली की डोक्यावरची पाटी न उतरवता एकदाच हाक द्यायची, "म्हावरंऽ". गिरणीचा पट्टा घरघरत असला तरी ती हाक त्याच्यावरून सरळ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत यायची. मी गॅस बारीक करून ताट घेऊन खाली उतरेपर्यंत जमना दाराशी पोहोचलेली असायची. मग तिने एक भाव सांगायचा, मी त्याच्या निम्मा म्हणायचा, तिने पाटी उचलल्यासारखं करायचं, मी आत वळल्यासारखं करायचं आणि शेवटी दोघींनी मधे कुठेतरी भेटायचं. हे न करता मी पैसे दिले असते तर तिला वाटलं असतं की मी आजारी आहे.

आम्ही बोईसरला आलो ते १९७४ साली. यजमानांना औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. मी वसईची. तिथल्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय मला आजतागायत आहे, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं पडताळून लिहिते आहे. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जमनाचं नाव माझ्या रोजनिशीत आलेलं आहे. पालघरहून शटलने येणारी कोळीण, मांदेली ताजी, जीभ तिखट, एवढंच त्या दिवशी लिहिलं होतं.

ती माझ्याच वयाची. नवरा रामा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. तिला मूल नव्हतं. भाऊ नवशा याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा त्याची मुलगी मंदा जमनाने आपल्याकडे आणली आणि वाढवली. मासळी विकणं हे तिचं पोटाचं काम. तिचा मान मात्र निराळ्या कारणाने होता. ती धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंतचे विधी एक जाणती बाई गाऊन सांगते, आणि बाकीच्या बायका तिची ओळ झेलतात. ती गाते ते धवले. धवलारणीने ओळ उचलल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. जमनाची आई काशीबाई धवलारीण होती, आणि तिच्यानंतर सातपाटीतल्या त्यांच्या पाड्यावर तो मान जमनाकडे आला होता.

१९८७ साली हे गेले. मासळीवाली सुतकाच्या घरी येत नाही, तशी जमनाही आली नाही. तेरावं झालं. सासरची माणसं परत जाताना माझी जाऊ मला बजावून गेली होती की निदान वर्षभर तरी घरात मासळी शिजवू नको, लोक बघतात. मी वरणभात लावायची आणि तो तसाच राहायचा. एका दुपारी हाक न देता जमना दाराशी आली. पाटी उतरवून पायरीवर बसली आणि साफ केलेले बोंबील माझ्यासमोर ठेवले.

"खानारा गेला, त्यात बोंबलानं काय केलंय?" ती म्हणाली. "रांधा. तुमी जेवेपर्यंत मी हितंच बसते."

मी म्हटलं, तुझी गाडी चुकेल. ती म्हणाली, गाड्या पुष्कळ आहेत. मी कालवण केलं. ती पायरीवरून आत बघत बसली आणि मी घास घेतला की मान हलवायची, लहान मुलाला भरवताना हलवतात तशी. त्या दिवशी मी पोटभर जेवले. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी धीर दिला, पण जेवायला जमनाने बसवलं.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या घराजवळ घशाचे डॉक्टर सावे यांनी दवाखाना उघडला. ते मूळचे चिंचणीचे, मुंबईला शिकून परत आलेले. बोईसरमध्ये तेव्हा ज्याला त्याला घशाची तक्रार होती आणि जो तो त्याचा दोष कारखान्यांच्या धुराला देत होता. डॉक्टरांचं म्हणणं होतं की धुराचा वाटा आहेच, पण कितीतरी जणांच्या घशाचं दुखणं पोटातून येतं. जठरातलं आम्ल वर चढतं, घशाच्या मागच्या बाजूला लागतं आणि तिथे सूज धरते. गंमत अशी की अशा माणसाच्या छातीत जळजळत नाही, त्यामुळे त्याचा यावर विश्वास बसत नाही. रक्त तपासून हे कळत नाही. घशात आरसा धरला तर लालसरपणा दिसतो, पण तो विड्या ओढणाऱ्याच्या घशातही दिसतो. म्हणून त्यांनी ठरवलं की रोग्यालाच नीट विचारायचं. त्यांनी इंग्रजीत एक प्रश्नावली तयार केली. आवाज बसतो का, घसा सारखा खाकरावा लागतो का, घशात काही अडकल्यासारखं वाटतं का, आडवं झाल्यावर खोकला येतो का, जेवल्यावर लगेच आडवे होता का, असे प्रश्न होते. त्रासाच्या प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण द्यायचे, शून्य म्हणजे त्रास नाही आणि पाच म्हणजे फार त्रास. औषधाआधीची बेरीज आणि महिन्यानंतरची बेरीज ताडून बघायची.

या प्रश्नावलीचं मराठी करायला आणि रोग्यांकडून ती भरून घ्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी कंपाउंडरकडे दिलेल्या एका चिठ्ठीत त्यांनी माझं अक्षर पाहिलं होतं. दर गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात बसू लागले. हे गेल्यापासून घड्याळाकडे बघत लुगडं नेसून निघावं असं कुठलंच काम माझ्याकडे उरलं नव्हतं. डॉक्टर सावे यांनी मला गुरुवार दिला, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

जमनाचा आवाज बिघडला तो १९९४ च्या गणपतीनंतर. आधी तो खरखरीत झाला, मग फाटला. गिरणीपाशी दिलेली हाक गिरणीच्या आवाजातच विरायला लागली. दिवाळीला मी तिला दवाखान्यात ये म्हटलं तर तिने बर्फाच्या पाण्यावर ढकललं. संक्रांतीच्या सुमाराला मंदाचं लग्न ठरलं, मुहूर्त वैशाखातला निघाला, आणि त्याच आठवड्यात जमना आपण होऊन म्हणाली की तुमच्या डॉक्टरकडे चला.

बाकावर माझ्याशेजारी बसून तिने कागद भरून दिला. मी प्रश्न वाचायचा आणि तिने आकडा सांगायचा. आवाज बसतो का? पाच. घसा खाकरावा लागतो का? पाच. गिळताना त्रास? तिने जरा विचार केला आणि पाच म्हणाली. जेवल्यावर लगेच आडवी होतेस का, याला मात्र ठाम नाही म्हणाली. जेवल्यावर भांडी कोण घासणार, तुमी येता का, असंही वर विचारलं. बेरीज जवळजवळ पूर्ण झाली. एवढी बेरीज मी तोपर्यंत कुणाची लिहिली नव्हती.

बेरीज बघून डॉक्टर गंभीर झाले. कपाळावर आरसा बांधून, दुसरा छोटा आरसा गरम करून त्यांनी तिच्या घशात धरला. तिला दोनदा ओकारी आली. तिसऱ्यांदा जे दिसलं ते त्यांनी तिला सरळ सांगितलं. मागच्या बाजूला सूज आहे, लाली आहे, गाठ दिसत नाही. पण ओकारीमुळे आतलं सगळं दिसलेलं नाही. मशेरी बंद करायची, सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल घ्यायची. दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर मुंबईला जाऊन दुर्बिणीने बघून घ्यावं लागेल.

जमनाने एकच विचारलं, "मंदाच्या लग्नापर्यंत आवाज येल का, सायब?"

डॉक्टर म्हणाले, यायला हवा.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसून राहिली. गाडीची वेळ झाली तरी उठेना. मग तिने मला काशीबाईचं सांगितलं. तिच्या आईचाही आवाज असाच आधी खरखरला होता. मुंबईला नेलं, गळा कापला आणि परत आणलं. त्यानंतर जेवढे दिवस ती जगली तेवढे दिवस कुणाला बोलवायचं असलं तर टाळी वाजवायची. पाड्यावर एवढी लग्नं लावलेली बाई, आणि सुनेला पाणी मागायला टाळी. "मला तसली टाळी नको," जमना म्हणाली. "आनि मंदाची हळद दुसरीनं लावली, तर मी मांडवात तरी कशाला बसू?"

महिन्याने ती पुन्हा आली. मी तेच प्रश्न वाचले. यावेळी आकडे एक, एक, दोन, एक असे आले. बेरीज पूर्वीच्या जेमतेम पावपट झाली. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी तो कागद उजेडात धरून दोनदा पाहिला. आरशाचं नाव काढताच जमनाने तोंडावर पदर धरला. आता कशाला, उतरलंय की, असं ती पदराआडून पुटपुटली. एवढ्या उतरलेल्या बेरजेपुढे तिला पुन्हा ओकाऱ्या काढायला लावणं डॉक्टरांना बरं वाटलं नाही. हेच चालू ठेवा, म्हणाले. मी घरी येऊन रोजनिशीत आनंदाने लिहिलं की जमना बरी होते आहे.

दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता, जमनाचा आमच्या गल्लीत यायचा वार. हाक आली नाही. खिडकीतून टण, टण असा आवाज आला. खाली बघते तर जमना दाराशी उभी राहून तागडीच्या पारड्यावर वजन आपटत होती. गल्लीतल्या बायकांना ती आता अशी बोलवत होती. मला एकदम तिच्या आईच्या टाळ्या आठवल्या.

मी खाली गेले. तिने मांदेलीचा भाव सांगितला. मी सवयीने निम्मा सांगितला. तिने सवयीने पाटीला हात घातला आणि अर्ध्यावर आली. तिचं ते अर्ध्यावर येणं बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ताट खाली ठेवलं.

"जमना, काल डॉक्टरांना तू एवढे कमी आकडे कसे सांगितलेस?"

"मंग?" ती म्हणाली. "पयल्यांदा चढवून सांगितलेलं नाय का? उतरवाया नको?"

"चढवून?"

"पयला भाव खरा कोन सांगतं, वहिनी? मी वाट बघत होते, तुमी कमी करा बोलाल. तुमी गपचूप लिवून घेतलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर भला मानूस. एवढं औषध दिलं, पैसं पन धड घेतलं नाय. त्याच्याच औषधाला मी नाव ठेवू? गिऱ्हाईक चांगलं असलं की आपन उतरवून देतो."

वीस वर्षं मी या बाईशी पायरीवर घासाघीस केली होती, आणि बाकावर बसल्यावर तिने सांगितलेला पहिला भाव जसाच्या तसा लिहून घेतला होता. मला हसू आलं, पण डॉक्टर त्या कागदावर विसंबून होते. मी तिला विचारलं, खरंच काही फरक आहे का? तिने मांदेलीवर पाणी शिंपडलं. मग तिने मान हलवली. नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा तेही आधी हसले. मग त्यांनी मागचे कागद काढले आणि आम्ही दोघं ते नव्याने बघायला बसलो. कारखान्यातली माणसं, विशेषतः लांबून आलेली, सगळीकडे पाच सांगत होती. त्यातला एक मला म्हणालाही होता, "पाँच लिख दो, मैडम, छुट्टी मिल जाएगी." उलट डोंगराकडून येणाऱ्या बायका कधी दोनच्या वर गेल्या नव्हत्या. जिवली नावाच्या बाईला घोट गिळता येत नव्हता, तरी तिने प्रत्येक प्रश्नाला "हाय थोडा" एवढंच सांगितलं होतं, कारण दुखण्याचं मोठं नाव घेतलं की ते वाढतं असं त्यांच्याकडे मानतात.

"काकू, तुमच्या बेरजा सगळ्या बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण ही माणसं वेगवेगळ्या बाजारांतून आली आहेत, आणि मी सगळ्यांना एकच माप दिलं."

त्यांनी जिवलीला निरोप पाठवून परत बोलावून घेतलं. आणि मला सांगितलं की जमनाबाईंना तुमच्या घरी बसवा, आकडे बाजूला ठेवा, आणि त्यांच्या घशाचं माप त्यांनाच विचारा.

पुढच्या शुक्रवारी पाटी लवकर रिकामी झाली. जमना माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली, मी पाटावर. मी म्हटलं, तुझा आवाज चांगला होता तेव्हा तुला कसं कळायचं? ती म्हणाली, गिरणीपासून हाक दिली की तुमचं ताट वाजायचं. झाला पहिला प्रश्न. हाक कुठून ऐकू येते, गिरणीपासून, मधल्या नळापासून की दाराशी आल्यावर? दुसरा तिनेच सांगितला. धक्क्यावर लिलावात तिची बोली एकदाच लागते की दोनदा ओरडावी लागते? भाताचा घास कोरडा उतरतो की पाण्याचा घोट लागतो? धवल्याची ओळ एका दमात शेवटपर्यंत जाते की मधे खाकरावं लागतं? हा शेवटचा प्रश्नही तिचाच. मग म्हणाली, महिनाभर गाऊनच पाहिली नाही. भीती वाटते.

यात चढवायला आणि उतरवायला जागा नव्हती. हाक नळापासून आली तर नळापासूनच आली, ती मीही ऐकणार होते.

मग मी तिला म्हटलं, आता तुझा सबंध दिवस सांग, होडी लागल्यापासून पुन्हा होडी लागेपर्यंत. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. पण सांगायला लागली. होडी भरतीवर लागते, आणि भरती काही माणसांच्या सोयीने येत नाही. संध्याकाळी घरी भात खाऊन, भांडी घासून बायका धक्क्यावर जाऊन बसतात. तिथे ताटकळावं लागतं. मग भूक लागते. कुणी सुके बोंबील भाजते, कुणाकडे तिखट चटणी आणि भाकरी असते, किटलीत काळा चहा असतो. ते पोटात टाकायचं आणि होडीचा दिवा दिसेपर्यंत जाळ्यांच्या ढिगावर आडवं व्हायचं.

"रोज?" मी विचारलं.

"होडी रोज येते, तर रोजच की."

"पण तू तर सांगितलंस, जेवून आडवी होत नाही."

"ते घरी ना. धक्क्यावरचं तुमी विचारलं कुटं?"

आणि खरंच, ते कुणीच विचारलं नव्हतं. तिखट, काळा चहा, कासोटा कसून घट्ट नेसलेलं लुगडं, आणि लगेच सपाट आडवं होणं. डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. औषध दिवसभर जे काम करत होतं, ते धक्क्यावर पुसलं जात होतं.

त्यांनी जमनाला पुन्हा बोलावलं आणि काय करायचं ते सांगितलं. धक्क्यावर खायचं तर साधी भाकरी खायची, तीही गेल्या गेल्या, आणि नंतर बसून राहायचं. आडवं व्हायचंच झालं तर जाळ्यांचा ढीग डोक्याकडे उंच रचायचा. काळा चहा बंद. कंबर जरा सैल. इतका वेळ ती सगळ्याला मान डोलवत होती, पण कंबर सैल म्हटल्यावर ताठ झाली.

"सायब, सैल नेसून धक्क्यावर गेले तर बाया बोलतील जमना म्हातारी झाली. कंबर नाय. बाकी सगलं कबूल."

डॉक्टर म्हणाले, निदान आडवं होताना तरी. त्यावर ती थोडी उतरली. दोघांचं मधे कुठेतरी जमलं.

धक्क्यावरच्या बायकांनी तिची पुष्कळ थट्टा केली. जाळी उशाला रचून बसलेली बघून तिला तांडेलीण म्हणायला लागल्या, जणू बोटीची कप्तानच. मंजुळा नावाची तिची जोडीदारीण तर भाजलेला बोंबील मुद्दाम तिच्या नाकासमोरून फिरवायची. जमना मला हे सगळं रागाने सांगायची, पण ती जाळी रचत राहिली. मशेरी सोडणं तिला सगळ्यात जड गेलं. मंदाने घरातला डबाच समुद्रात टाकला, तेव्हा सुटली.

मी शुक्रवारी खिडकीपाशी थांबायला लागले. पहिले दोन-तीन शुक्रवार पारड्याचीच टणटण. मग एकदा दाराशी आल्यावर हाक दिली, खरखरीत, पण हाक. होळीनंतर ती नळापासून ऐकू आली. एका शुक्रवारी पुन्हा काहीच आलं नाही. खाली जाऊन विचारलं तर आदल्या रात्री मंजुळाच्या बोंबलाला बळी पडल्याचं तिने कबूल केलं. वर म्हणाली, "लिवा, लिवा. डॉक्टरला सांगा, मंजुळाला पकडा."

गुढीपाडवा झाला, त्यानंतरचा तो शुक्रवार. मी फोडणी करत होते. गिरणी चालू होती. तिच्या घरघरीवरून ती हाक आली, सरळ, पूर्वीसारखी वर चढून शेवटी जरा वळलेली. मी गॅस बारीक केला आणि ताट घेतलं. जिन्यात माझे डोळे भरून आले होते, म्हणून पायऱ्या जपून उतरले. त्या दिवशी मी मांदेलीची घासाघीस केली नाही. तिने डोळे बारीक करून मला विचारलं की तब्येत बरी आहे ना.

डॉक्टरांनी पुन्हा आरसा धरला, आणि यावेळी तिने धरू दिला. मी तिचा हात धरून उभी होते. तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. डॉक्टरांनी या बाजूने, त्या बाजूने सावकाश पाहिलं, आरसा काढला आणि म्हणाले, "सूज उतरली आहे, मावशी. आणि आता मला आतलं सगळं दिसलं. गाठ नाही."

जमनाने पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, तुमच्या घरी पापलेट खातात की बोंबील?

त्या दिवशी तिने जुनी प्रश्नावलीही एकदा भरून दिली, डॉक्टरांनाच ती हवी होती. मी आधीच बजावलं की इथे एकच भाव, घासाघीस नाही. मग तिने प्रत्येक प्रश्नाला इतका विचार केला की बाकावरचे लोक कंटाळले. घसा खाकरावा लागतो का, याला दोन म्हणाली, थांबली, आणि म्हणाली अडीच लिवा. कागदावर अडीचला जागा नव्हती. मी अडीच लिहिलं आणि डॉक्टरांनी ते तसंच राहू दिलं. जिवलीचंही मला इथे सांगितलं पाहिजे. तिला आकडे न विचारता, कोणता घास उतरतो आणि कोणता अडकतो ते विचारलं, आणि तिचं दुखणं निराळंच निघालं आणि वेळेत सापडलं. जमनाने पहिला भाव सांगितला नसता तर जिवलीचा कागद "थोडा त्रास" म्हणून फायलीत पडून राहिला असता.

वैशाखात मंदाची हळद झाली. मला आणि डॉक्टरांना आमंत्रण होतं. डॉक्टर एकटेच आले, पाहुण्यासारखे कडक इस्त्रीचे कपडे घालून. मांडवात नवशाने त्यांना मानाच्या खुर्चीवर बसवलं. जमना हिरवं लुगडं नेसून मंदाच्या पाटापाशी बसली. कंबर पूर्वीसारखीच घट्ट होती, ते मी पाहिलं. बायका गप्प झाल्या. तिने डोळे मिटून पहिली ओळ उचलली. आवाज पूर्वीइतका मोकळा नव्हता, त्याच्या तळाशी थोडी वाळू राहिली होती, पण तो मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. बायकांनी ओळ झेलली. मंदाच्या गालाला हळद लागली.

मधे एका ठिकाणी तिची ओळ तुटली. पण मंजुळाने आणि दुसऱ्या बायकांनी ती तुटली तिथूनच उचलली आणि पुढे नेली, आणि तोपर्यंत जमना तांब्यातलं कोमट पाणी प्यायली. पुढची ओळ पुन्हा तिची होती. इतके महिने ज्या क्षणाला ती भीत होती, तो असा दोन घोट पाण्यात निघून गेला.

जेवणं झाली. लाल रश्श्यातलं म्हावरं होतं, आणि डॉक्टरांच्या पानात नवशा आग्रहाने पुन्हा पुन्हा वाढत होता. हात धुऊन ते खुर्चीवर येऊन बसले, आणि थोड्या वेळाने घसा खाकरायला लागले. एकदा, दोनदा. जमनाने लांबून ते ऐकलं. ती हळदीच्या हातांनी उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सायब, घशात अडकल्यावानी वाटतं का?"

डॉक्टर हसून म्हणाले, थोडंसं.

"थोडंसं नाय. शून्य ते पाच."

"दोन," डॉक्टर म्हणाले.

जमनाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, भर बाजारात फार कमी भाव सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. "तीन लिवा, वहिनी," ती मला म्हणाली, आणि खुर्चीच्या मागे टेकायला, जरा उंच करून, स्वतःच्या हातांनी जाळ्यांची घडी आणून ठेवली.